प्रोग्रेसिव्ह रॉकच्या उपप्रकारांचा वाद : वेरूळ-देवगिरी परिसरातील वर्गीकरणांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कोणत्याही कलेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला की वर्गीकरणाचा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो. अभ्यासक्रमातील घटक, कोशातील नोंदी, ग्रंथालयातील विभाग आणि प्रश्नपत्रिकेतील 'प्रकार सांगा' हा प्रश्न, या सर्वांना वर्ग लागतात. पाश्चात्त्य जनप्रिय संगीतात हा प्रश्न ज्या प्रकाराविषयी दीर्घकाळ वादाचा राहिला, तो म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये हा प्रवाह आकाराला आला. तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट ओलांडणारी दीर्घ रचना, विषम मात्रांचे ताल, अभिजात पाश्चात्त्य संगीत व जॅझ यांतून घेतलेली रचनातत्त्वे आणि मेलोट्रॉन, सिंथेसायझर यांसारख्या वाद्यांचा वापर ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. 'किंग क्रिमसन'चा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' (१९६९), 'जेथ्रो टल'चा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२) आणि 'येस'चा 'क्लोज टू द एज' (१९७२) हे संग्रह या प्रवाहाचे प्रातिनिधिक नमुने मानले जातात. 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'मध्ये तर एकच रचना ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही बाजू व्यापते.

या प्रवाहाचे उपप्रकार कोणते, यावर अभ्यासक व रसिक यांच्यात एकमत नाही. सिंफनिक, कँटरबरी, क्राउटरॉक, झॉइल, स्पेस रॉक, निओ-प्रोग्रेसिव्ह, प्रोग्रेसिव्ह मेटल, राग-रॉक अशी नावे रूढ आहेत. परंतु एखादा वाद्यवृंद यांपैकी नेमका कोठे ठेवावा, यावर मतभेद संपत नाहीत. हा वाद वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः तो तर्कशास्त्राचा आहे आणि त्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी लागणारी साधने भारतीय परंपरेत उपलब्ध आहेत. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील वेरूळ आणि तेथून सुमारे १५ किलोमीटर अंतरावरील देवगिरी (दौलताबाद) या परिसरात वर्गीकरणाची दोन लक्षणीय उदाहरणे आढळतात : एक वेरूळच्या लेण्यांचे, दुसरे शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथातील रागांचे. या दोन उदाहरणांच्या आधारे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वर्गीकरणाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निकषांची सरमिसळ

रूढ उपप्रकारांची नावे बारकाईने पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते : प्रत्येक नावामागचा निकष वेगळा आहे. 'सिंफनिक' हे नाव रचनेच्या घडणीवरून आलेले आहे. 'कँटरबरी' हे एका इंग्रज गावाचे नाव आहे. 'क्राउटरॉक' हे नाव देशावरून, तेही जर्मन लोकांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका थट्टेच्या शब्दावरून, ब्रिटिश संगीत-नियतकालिकांतून रूढ झाले. 'निओ-प्रोग्रेसिव्ह' हे काळावर आधारलेले आहे; १९८० च्या दशकारंभी 'मॅरिलियन' व त्यांच्या समकालीन वाद्यवृंदांसाठी ते वापरले गेले. 'प्रोग्रेसिव्ह मेटल' हे दुसऱ्या एका संगीतप्रकाराशी झालेल्या संयोगाचे नाव आहे. 'झॉइल' हा तर 'माग्मा' या फ्रेंच वाद्यवृंदाच्या ख्रिस्तियाँ वाँदेर यांनी निर्माण केलेल्या 'कोबाइयन' या कल्पित भाषेतील शब्द आहे. घडण, गाव, देश, काळ, संयोग आणि एका व्यक्तीची कल्पनासृष्टी असे सहा निकष एकाच यादीत शेजारी-शेजारी बसविलेले आहेत.

तार्किक विभाजनाचा पहिला नियम असा की, एका विभाजनाला एकच तत्त्व असावे. तो मोडला की वर्ग एकमेकांवर चढतात. भारतीय न्याय-वैशेषिक परंपरेत याच दोषाचा विचार 'संकर' या नावाने झालेला आहे. उदयनाचार्यांनी 'किरणावली'त जातीला, म्हणजे वस्तूंमधील खऱ्या सामान्याला, बाध आणणाऱ्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांत संकराचा समावेश आहे. (येथे 'जाती' हा शब्द केवळ या पारिभाषिक अर्थाने घ्यावयाचा आहे.) याचे प्रसिद्ध उदाहरण भूतत्व व मूर्तत्व यांचे होय. आकाश हे भूत आहे, पण मूर्त नाही; मन मूर्त आहे, पण भूत नाही; पृथ्वी मात्र भूतही आहे आणि मूर्तही. दोन धर्म एकमेकांवाचून राहू शकतात आणि तरीही एका ठिकाणी एकत्र येतात. अशा वेळी त्यांना जाती म्हणता येत नाही. मात्र ते निरुपयोगीही ठरत नाहीत. त्यांना 'उपाधी' म्हटले जाते. उपाधी हा वस्तूला लागू पडणारा खरा धर्म असतो; परंतु वस्तूचे मूळ स्वरूप तो एकट्याने ठरवीत नाही. जाती आणि उपाधी यांतील हा भेद पुढील विवेचनाचा आधार आहे.

वेरूळचे उदाहरण

वेरूळच्या प्रमुख ३४ लेण्यांचे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. त्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन अशी विभागणी पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. ही विभागणी चुकीची नाही. परंतु क्रमांक चढता आणि धर्म वेगवेगळे असल्यामुळे आधी बौद्ध, मग हिंदू, मग जैन असा कालक्रम विद्यार्थ्याच्या मनात नकळत तयार होतो. वास्तविक रामेश्वर (क्र. २१) आणि धुमार लेणे (क्र. २९) यांसारखी हिंदू लेणी सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून येथील बौद्ध लेण्यांपैकी बहुतेकांच्या आधीची आहेत, असे मत आज अनेक अभ्यासक मांडतात. दशावतार लेण्याची (क्र. १५) दुमजली रचना विहारासारखी असून त्याचा आरंभ बौद्ध विहार म्हणून झाला असावा, असेही प्रतिपादन झालेले आहे. क्रमांक हा लेण्याचा पत्ता आहे. त्याला लेण्याचा इतिहास समजल्यामुळे हा घोटाळा होतो.

संकराचे उदाहरण वेरूळला अधिक स्पष्टपणे दिसते. राष्ट्रकूट राजा कृष्ण (पहिला) याच्या आठव्या शतकातील कारकिर्दीशी जोडले जाणारे कैलास (क्र. १६) हे हिंदू मंदिर असून त्याचे शिल्परूप द्राविड पद्धतीचे आहे. धुमार लेणे हिंदू आहे, परंतु द्राविड रूपाचे नाही. 'छोटा कैलास' या नावाने ओळखले जाणारे लेणे (क्र. ३०) द्राविड रूपाचे आहे, परंतु जैन आहे. म्हणजे 'हिंदू' आणि 'द्राविड' हे दोन धर्म भूतत्व व मूर्तत्व यांच्याप्रमाणेच परस्परांना छेदतात. केवळ धर्मानुसार वर्गीकरण केल्यास कैलास आणि छोटा कैलास यांचे उघड नाते तुटते. केवळ रूपानुसार केल्यास कैलास आणि धुमार लेणे यांना जोडणारा शैव उपासनेचा धागा सुटतो. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी असलेल्या साम्यामुळे कैलासाला 'दक्षिणेतून आलेले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे साम्य खरे आहे. परंतु वर्णन तेथेच थांबले, तर वेरूळच्या कातळात वरून खाली खोदत जाण्याची जी कामाची रीत कैलासाला त्याचे वेगळेपण देते, तिला वर्गीकरणात जागाच उरत नाही.

शार्ङ्गदेवाची बहुस्तरीय मांडणी

देवगिरीच्या यादव राजा सिंघण (दुसरा) याच्या कारकिर्दीत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' सिद्ध केला. त्याच्या घराण्याचे मूळ काश्मीरचे होते आणि तो स्वतः यादवांच्या दरबारी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख होता. हिशेबनिसाची शिस्त ग्रंथाच्या रागविवेकाध्यायात पदोपदी जाणवते. तेथे एकूण २६४ राग गणले आहेत : ३० ग्रामराग, ८ उपराग, २० राग, ९६ भाषा, २० विभाषा, ४ अंतरभाषा, त्यानंतर पूर्वप्रसिद्ध ३४ आणि अधुनाप्रसिद्ध ५२, हे दोन्ही गट पुन्हा रागांग, भाषांग, क्रियांग व उपांग यांत विभागलेले.

या मांडणीतील तीन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, तिचा कणा वंशपरंपरेचा आहे. भाषा ग्रामरागातून निघते, विभाषा व अंतरभाषा त्याच ओघात पुढे येतात. कल्लिनाथाच्या टीकेनुसार रागांगात ग्रामरागाची, तर भाषांगात भाषेची छाया असते. दुसरी, प्रचाराचा निकष उघडपणे सांगून वेगळा ठेवलेला आहे. कोणता राग पूर्वी प्रसिद्ध होता आणि कोणता ग्रंथकाराच्या काळात प्रसिद्ध आहे, हे स्वतंत्र स्तरावर नोंदविले आहे. त्यामुळे काळ हा वंशात मिसळून जात नाही. तिसरी, मिश्रणाला निश्चित स्थान आहे. तीस ग्रामराग हे शुद्धा ७, भिन्ना ५, गौडी ३, वेसरा ८ आणि साधारणी ७ अशा पाच गीतींत विभागले असून, इतर चारही गीतींची लक्षणे जिच्यात एकत्र येतात ती साधारणी. उरलेसुरले टाकण्याची ती अडगळीची खोली नाही. तिच्यातील रागांची संख्या आणि नावे ठरलेली आहेत.

'वेसरा' हा शब्द येथे विशेष सावधगिरीची सूचना देतो. मंदिरवास्तूच्या चर्चेत नागर व द्राविड यांच्या मिश्रणाला 'वेसर' म्हणण्याची पद्धत आहे. संगीतशास्त्रात मात्र वेसरा गीतीचा संबंध स्वरांच्या वेगाशी, 'वेगस्वरा' या व्युत्पत्तीशी जोडला जातो. नाव तेच असले तरी निकष तोच असेल, असे नाही. कैलास आणि देवगिरी यांच्यातील अंतर थोडे आहे. तेवढ्या अंतरातही एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील, तर एका खंडातून दुसऱ्या खंडात गेलेल्या संज्ञांविषयी किती जपावे लागेल, हे वेगळे सांगावयास नको.

शार्ङ्गदेवाची ही व्यवस्था निर्दोष होती, असा याचा अर्थ नव्हे. तिचा पसारा मोठा होता आणि पुढील शतकांतील ग्रंथकारांनी ती सोडून मेल, राग-रागिणी अशा अन्य व्यवस्था स्वीकारल्या. परंतु निकष सांगून वर्ग करणे आणि निकषांना वेगवेगळ्या पायऱ्यांवर ठेवणे, हा तिचा गुण त्यामुळे कमी होत नाही.

थाट व रागांग : मराठीतील एक समांतर वाद

हाच प्रश्न विसाव्या शतकात महाराष्ट्रात नव्याने उभा राहिला. विष्णु नारायण भातखंडे यांनी मराठीत लिहिलेल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' या ग्रंथमालेतून रागांची दहा थाटांत विभागणी रूढ केली. तिचा निकष एकच, स्वरसप्तकाचा; म्हणून ती शिकविण्यास सोपी ठरली. अडचण मात्र लगेच दिसते. भूपाली आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर सा, रे, ग, प, ध हेच आहेत. तरी भूपाली कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात ठेवला जातो. दोन्हींत मध्यम वर्ज्य असल्यामुळे तो शुद्ध की तीव्र, हे स्वरांवरून ठरविताच येत नाही. म्हणजे येथे निर्णय रागाच्या चलनावरून घेतला जातो आणि घोषित निकष बाजूला राहतो. उलट मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर समान असून ते एकाच थाटात आहेत; पण त्यांना एकमेकांपासून वेगळे करणारी गोष्ट थाट सांगत नाही.

विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी यासाठी रागांग-पद्धतीचा पुरस्कार केला आणि रागवाचक स्वरसमूहांच्या आधारे ३० रागांगे मानली. या पद्धतीत राग कानाला ज्या खुणेने ओळखू येतो, ती खूण मध्यवर्ती आहे. आज संगीताच्या वर्गात थाटही शिकवितात आणि रागांगही. पहिल्याचा उपयोग मांडणीसाठी, दुसऱ्याचा ओळखीसाठी. दोन्हींचे काम वेगळे आहे, हे मान्य झाल्यावर वादाची धार पुष्कळच बोथट झाली.

प्रोग्रेसिव्ह रॉककडे परत

वरील विवेचनाच्या प्रकाशात रूढ उपप्रकार पुन्हा तपासता येतात. 'कँटरबरी' हे प्रथमदर्शनी स्थळनाम आहे. 'सॉफ्ट मशीन' आणि 'कॅरव्हॅन' हे वाद्यवृंद त्या गावातील 'वाइल्ड फ्लॉवर्स' या आधीच्या वाद्यवृंदातून निघाले, हे खरे. परंतु 'गाँग' हा वाद्यवृंद पॅरिसमध्ये, डेव्हिड अ‍ॅलन या ऑस्ट्रेलियन कलावंताने स्थापन केला आणि तरीही त्याची गणना या गटात होते. कारण अ‍ॅलन हे 'सॉफ्ट मशीन'च्या संस्थापकांपैकी होते. म्हणजे हा वर्ग स्थळाचा नसून परंपरेचा आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांची दीर्घ कर्मभूमी कोल्हापूर होती; घराण्याला गावाचे नाव असते, पण घराणे गुरुशिष्यपरंपरेने आणि गायकीने चालते. कँटरबरी हे या अर्थाने घराणे आहे आणि त्याची चर्चा घराण्याच्या निकषांनी झाली पाहिजे.

'क्राउटरॉक'ची स्थिती याहून वेगळी आहे. कोलोनचा 'कान' आणि बर्लिनचा 'टँजरिन ड्रीम' यांच्या संगीतात घडणीचे साम्य शोधावे लागते. पहिल्यात तालाच्या आवर्तनाला प्राधान्य आहे, दुसऱ्यात सिंथेसायझरच्या विस्तीर्ण नादाला. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट देश आणि काळ ही आहे. वेरूळच्या लेण्यांच्या क्रमांकाप्रमाणे हा पत्ता आहे. पत्ता म्हणून त्याचा उपयोग निश्चित आहे. त्याला शैलीचे लक्षण मानणे चुकीचे ठरते.

'किंग क्रिमसन' हा वाद्यवृंद तर प्रत्येक यादीची परीक्षा घेतो. १९६९ चा पहिला संग्रह सिंफनिक गटात सहज बसतो. १९७३ चा 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक' बसत नाही. १९८१ चा 'डिसिप्लिन' तर निराळ्याच जातकुळीचा आहे. कायम राहिले ते केवळ रॉबर्ट फ्रिप. अशा वेळी 'संमिश्र' असा एक वर्ग करून वाद मिटविला जातो. शार्ङ्गदेवाच्या साधारणीशी याची तुलना केली असता फरक ध्यानात येतो : कोणत्या गोष्टींचे मिश्रण, हे सांगितल्यावाचून केलेला संमिश्र वर्ग काहीच सांगत नाही. येथे आणखी एक त्रुटी दिसते. वर्गीकरणाचे एकक वाद्यवृंद मानले, तर वाद संपणार नाही. एकक संग्रह अथवा रचना मानली, तर तो बराचसा आपोआप सुटतो. शार्ङ्गदेवाने राग वर्गीकृत केले, गायक नव्हे, हे येथे स्मरणीय आहे.

'राग-रॉक' हा वर्ग भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत अधिक चिंत्य आहे. १९६६ च्या सुमारास ही संज्ञा प्रचारात आली आणि सतारीचा नाद अथवा त्याचा आभास असलेल्या रॉक रचनांना ती सरसकट लावली गेली. येथे राग म्हणजे वाद्याचा रंग. रागवाचक स्वरसमूह, वादी-संवादी, चलन यांपैकी एकाचीही कसोटी या वर्गाला नाही. याच वर्गात कधी 'शक्ती'चेही नाव घेतले जाते. जॉन मॅक्लॉफलिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांचा हा वाद्यवृंद भारतीय रागतत्त्व आणि तालतत्त्व यांवर उभा होता. त्यात रॉक कितपत होते, हाच खरा प्रश्न आहे. रागतत्त्व असलेली पण रॉक नसलेली रचना आणि रॉक असलेली पण रागतत्त्व नसलेली रचना एकाच नावाखाली आल्या, की त्या नावाचे मूल्य किती, हे उघड आहे. यातून होणारी हानी खरी आहे. भारतीय संगीताशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट एकाच कप्प्यात जाते आणि तिच्यातील भेद अभ्यासाबाहेर राहतात. मुंबईच्या 'कोशिश' या हिंदीतून गाणाऱ्या वाद्यवृंदाचा 'फिरदौस' (२०१३) देशावरून वर्गीकृत करावा, भाषेवरून करावा की नादाच्या घडणीवरून, हा प्रश्नही याच कारणाने अनुत्तरित राहतो.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, जनप्रिय संगीताच्या उपप्रकारांना न्यायशास्त्राची कसोटी लावणे अनाठायी आहे. ही नावे वापरातून आली आणि वापरातच जगतात. आक्षेपात तथ्य आहे. परंतु उपाधीची संकल्पना या आक्षेपाला सामावून घेते. उपप्रकार ही जाती आहे, असे मानले तर एका रचनेला एकच घर द्यावे लागते आणि तंटा अटळ होतो. उपप्रकार ही उपाधी आहे, असे मानले तर एकाच रचनेला काळाची, परंपरेची, घडणीची आणि स्थळाची अशा अनेक उपाधी एकाच वेळी लागू शकतात. कैलास शैव आहे, द्राविड रूपाचे आहे, राष्ट्रकूटकालीन आहे आणि एकसंध कातळातील आहे. यांपैकी एकही विधान दुसऱ्याला खोडत नाही. तसेच 'गाँग' परंपरेने कँटरबरीचा आणि स्थळाने फ्रान्सचा आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

समारोप

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या उपप्रकारांवरील वाद वर्गांची संख्या वाढवून किंवा घटवून मिटणारा नाही. प्रत्येक नावामागचा निकष स्पष्ट करणे, निकषांना स्वतंत्र पायऱ्यांवर ठेवणे, एकक म्हणून रचनेचा स्वीकार करणे आणि मिश्रणाचे घटक नोंदविणे, या चार गोष्टी केल्यास वादाचा मोठा भाग दूर होतो. उरेल तो मतभेद ऐकण्याचा असेल, आणि तो इष्टच आहे. महाविद्यालयीन अध्यापनातही याचा उपयोग आहे. 'हे लेणे कोणत्या प्रकारचे?' अथवा 'ही रचना कोणत्या प्रकारात मोडते?' असे विचारण्याऐवजी 'कोणत्या निकषाने?' हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे आधी ठेवला, तर पाठांतराची जागा निरीक्षण घेऊ शकेल. सहल वेरूळला नेणाऱ्या शिक्षकाने क्रमांक सोळासमोर उभे राहून क्रमांक तीसचा उल्लेख करावा आणि दोन्ही लेणी एकाच दिवशी दाखवावीत. या लेखातील प्रतिपादनाचा पुष्कळसा भाग विद्यार्थ्यांना तेथेच प्रत्यक्ष दिसेल.